ए, टी म्हणजे आत

संगणकाला मराठी येत नाही, ही गोष्ट डबलबेलकाकांनी कधी मनावरच घेतली नाही. येत नसेल तर शिकेल, असं त्यांचं सरळ म्हणणं. आपण नाही का चाळिशीच्या तोंडावर त्याची भाषा शिकलो? मग त्यानं आपले चार शब्द शिकले तर त्याच्या पोटात का दुखावं?

हे चार शब्द वाढत वाढत एकशे सतरा झाले, सगळ्या शहराच्या बसगाड्या त्यांच्या भरवशावर धावू लागल्या, आणि एका सोमवारी सकाळी त्यातल्याच सगळ्यात लहान शब्दानं सगळ्यांच्या तोंडाला फेस आणला. पण ते पुढे. आधी काका.

काका बस कंपनीच्या संगणक विभागात होते. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल, दोन्ही बाजूंना टेबलं आणि टोकाला मीटिंगची काचेची खोली. काकांचं टेबल त्या खोलीच्या दाराला खेटून. दार उघडलं की त्यांच्या खुर्चीला लागायचं, म्हणून मीटिंगला येणारा प्रत्येक जण आधी "काका, जरा खुर्ची" म्हणायचा आणि मग आत शिरायचा. वीस वर्षांत काका स्वतः त्या खोलीत गेले नव्हते. म्हणजे एकदा टेबलाखालची वायर सरळ करायला गेले होते, पण ते काही धरायचं नाही. आत डिग्रीवाले बसत आणि ठरवत, बाहेर काका बसत आणि करून देत. "मला कशाला हव्यात मीटिंगा? आपलं काम बरं नि आपण बरं," असं काका म्हणत. इतक्या वेळा म्हणत, की ऐकणाऱ्याला शंका यावी.

मूळचे ते कंडक्टर. तेरा वर्षं त्यांनी खांद्याला चामड्याची बॅग अडकवून उभ्यानं शहर पाहिलं. दोरी एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की सोडायची. ती सवय हाताला अशी जडली की ऑफिसातही प्रोग्राम नीट चालला की ते बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठोकत आणि म्हणत, "डबल बेल!" नाव तिथून पडलं. कुठं अडले तर एकदाच ठोकत. एक ठोका ऐकू आला की हॉलमधली माणसं त्यांच्याशी बोलायला जात नसत, कारण गाडी थांब्यावर उभी आहे आणि कंडक्टरचं डोकं ठिकाणावर नाही हे सगळ्यांना कळलेलं असायचं.

छत्तिसाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, "उभं राहणं बंद." कंपनीनं दया दाखवून त्यांना वर बसवलं आणि वेळापत्रकं संगणकात भरायला दिली. तिथं आधी जो प्रोग्रामर होता तो सहा महिन्यांत दुसरीकडे निघून गेला आणि मागे एक उशीएवढं जाड पुस्तक ठेवून गेला. काकांनी शब्दकोश शेजारी घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. लोक हसले. काकूही हसल्या, पण त्यांनी शब्दकोशाला कव्हर घालून दिलं.

काकांना इंग्रजीचा त्रास होताच. पण त्याहून मोठा त्रास वेगळा होता. पुस्तकाप्रमाणे सगळं उलटं लिहावं लागायचं. थांब्यांच्या यादीतले बंद थांबे गाळायचे, उरलेले क्रमानं लावायचे, जोडायचे आणि छापायचे, एवढं साधं काम. पण लिहायचं कसं? आधी 'छाप', मग कंसात 'जोड', त्या कंसाच्या पोटात 'लाव', त्याच्याही पोटात 'गाळ', आणि ज्या बिचाऱ्या यादीचं हे सगळं चाललंय ती सगळ्यात तळाशी. वर शेवटी चार कंस मिटायचे.

"असं कुणी बोलतं का?" काका घरी वैतागून म्हणाले. "तू तुझ्या बायकांना काय सांगतेस? घडी घाल, वाळव, धू, चादर घे?"

काकू इस्पितळाच्या लॉन्ड्रीत मुकादम होत्या. हाताखाली अकरा बायका, दिवसाला सहाशे चादरी. "असं सांगितलं तर मळक्या चादरीच्या घड्या होतील," त्या म्हणाल्या. "मी सांगते, चादर घे, धू, वाळव, घडी घाल."

"बघ! मग?"

मग त्या जाड पुस्तकाच्या मागच्या भागात काकांना एक प्रकरण सापडलं. भाषेत ज्या वस्तू जन्मतःच असतात, म्हणजे याद्या, अक्षरांच्या ओळी वगैरे, त्यांना आपण आपल्या पदरची नवी कामं शिकवू शकतो, असं त्यात होतं. आणि प्रत्येक काम झाल्यावर ती वस्तू परत हातात देण्याची व्यवस्था केली, की एका कामाला टिंब देऊन दुसरं जोडता येतं, दुसऱ्याला तिसरं. लांबच लांब साखळी, डावीकडून उजवीकडे, माणसं बोलतात तशी. काका म्हणतात, ते प्रकरण संपेपर्यंत गुडघे दुखायचे विसरले होते. त्याच प्रकरणाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की शक्यतो असं करू नये. पण बारीक अक्षरं वाचायला काकांकडे तेव्हा चष्मा नव्हता. निदान ते तसं सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादीला पहिला शब्द शिकवला, 'गाळ'. मग 'लाव', 'जोड', 'फोड'. मग नावांच्या मागेपुढे चिकटलेल्या रिकाम्या जागा काढायला 'पूस'. मग 'राहूदे', म्हणजे उत्तर रिकामं आलं तर त्याच्या जागी हे राहू दे. आणि 'बघ'. हा काकांचा लाडका. साखळीच्या मध्येच कुठंही 'बघ' घातला की आतापर्यंत काय झालंय ते पडद्यावर दिसायचं आणि साखळी न तुटता पुढे चालू राहायची. शब्द मराठी, अक्षरं मात्र इंग्रजी, कारण कामांच्या नावांत भाषेला दुसरी अक्षरं पचत नव्हती. त्यातून गमती व्हायच्या. 'लाव' हे हॉलमधले शहाणे लोक 'लव्ह' वाचायचे आणि विचारायचे, "काका, यादीवर एवढं प्रेम कशाला?" 'पूस'वर तर एका डिग्रीवाल्यानं नाक मुरडलं. "काका, याचा इंग्रजीत अर्थ पू होतो. पू!" काकांनी स्पेलिंग बदललं आणि यूच्या जागी दोन ओ घातले. तो डिग्रीवाला म्हणाला, आता तर आणखी बिघडलं. तेव्हा काका म्हणाले, "मग तू नाक धरून वाच."

आणि एक शब्द होता 'आत'.

तेरा वर्षं दिवसातून हजार वेळा काकांनी हा शब्द उच्चारला होता. आत चला, आत व्हा, दारात उभे राहू नका, आत जागा आहे. त्यामुळे अमुक थांबा यादीत आहे का, असं विचारायची वेळ आली तेव्हा दुसरा शब्द त्यांच्या मनात आलाच नाही. संगणक अशा प्रश्नाला खरं किंवा खोटं म्हणतो. काकांना ते पटेना. "थांबा खोटा कसा असेल? तो असतो किंवा नसतो." म्हणून त्यांचा 'आत' सरळ मराठीत उत्तर द्यायचा, 'आहे' किंवा 'नाही'. त्याचं नाव इंग्रजीत लिहायला दोनच अक्षरं लागली, ए आणि टी. सगळ्यात लहान, सगळ्यात सोपा, आणि फाइलीतले तेवीस बदल सोसूनही एकदाही न चुकलेला.

हॉलमधल्या लोकांनी आधी थट्टा केली, मग गुपचूप वापरलं, मग सगळ्यांनी उघड वापरलं. एखादी नवी मुलगी कामाला लागली की आठवड्याभरात 'गाळ, लाव, छाप' लिहायची आणि तिला वाटायचं, ही भाषाच मुळात अशी आहे. काकांची ही शब्दांची फाइल सकाळी सगळ्यात आधी चालायची. तिच्यावाचून हॉलमधलं पान हलत नव्हतं आणि तिच्या मालकाला मीटिंगला बोलवायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

मग नव्या मॅडम आल्या. वय बत्तीस, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. विभागप्रमुख म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांचं सगळं वाचून काढलं, आणि काकांची फाइल वाचून त्या स्वतः त्यांच्या टेबलापाशी आल्या. हेही कधी घडलं नव्हतं.

"काका, सुंदर लिहिलंय. खरंच. पण धोक्याचं आहे."

"वीस वर्षं चालतंय."

"म्हणूनच भीती वाटते. तुम्ही भाषेच्या स्वतःच्या यादीत बदल केलाय. ती यादी सगळ्यांची असते. उद्या बाहेरचा कुठला प्रोग्राम आला तर त्यालाही ही तुमचीच यादी मिळणार."

"मिळू दे की. चांगली आहे."

मॅडम हसल्या, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. आपला तो बाब्या, असं त्यांच्या मनात आलं असेल तर ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दोन महिन्यांनी भाषेची नवी आवृत्ती बसवली गेली, आणि त्याच सुमाराला गाड्यांच्या कपाळावर नवे विजेचे बोर्ड लागले. बोर्डाचा प्रोग्राम बाहेरून विकत आणलेला. त्याला गाडीच्या थांब्यांची यादी द्यायची आणि त्यानं नंबर नि शेवटचा थांबा झळकवायचा. मॅडमनी तो आठवडाभर वेगळा चालवून पाहिला. झकास चालला. सोमवारी सकाळी तो काकांच्या फाइलसोबत पहिल्यांदा एकत्र सुरू झाला.

साडेसात वाजता काकांचा फोन वाजला. त्यांचा जुना ड्रायव्हर होता. दोघांनी तेरातली नऊ वर्षं एकाच गाडीवर काढली होती.

"काय रे, माझी गाडी कुठं चाललीय?"

"एकवीस नंबर ना? बंदरावर."

"ते मला माहीत आहे. बोर्ड काय म्हणतोय ते विचार."

"काय म्हणतोय?"

"नाही."

"काय नाही?"

"नुसतंच नाही. एकवीस, नाही. एक आजी विचारतायत, जायचंच नाही तर स्टॉपवर उभे कशाला राहता?"

काकांनी आधी मनमुराद हसून घेतलं. मग त्यांना मागून दुसऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, आणि ड्रायव्हर म्हणाला, "हसू नको. माझ्या मागे चौदा नंबर उभी आहे. चौदा, नाही. तिच्या मागे सदतीस. तीही नाही."

शहरातल्या एकूण एक गाड्यांनी त्या सकाळी कपाळावर नकार लिहिला होता. लोक खिडकीत तोंड घालून विचारत होते, कंडक्टर घसा फोडून सांगत होते. काकांना कामावर पोचायला चाळीस मिनिटं लागायची, त्या दिवशी तासभर लागला, कारण तेही बसनेच जायचे.

मॅडम काकांच्या टेबलावर वाकून उभ्या होत्या. पहिल्यांदा बोर्ड बंद करून डेपोतल्या अडगळीतले जुने पत्र्याचे फलक लावायला सांगितलं गेलं. मग दोघं कारण शोधायला बसले. काकांनी साखळीत जागोजाग 'बघ' घातला. यादी बरोबर होती. एकतीस थांबे, शेवटी बंदर. यादी बोर्डाच्या प्रोग्रामात शिरेपर्यंत सगळं ठीक, आणि बाहेर येताना 'नाही'.

"गंमत बघा," मॅडम म्हणाल्या. "या विकतच्या प्रोग्रामात मराठीचा एक शब्द नाही. मग हा 'नाही' म्हणतो कुठून?"

त्या सबंध इमारतीत मराठीतून नाही म्हणणारा संगणक एकाच जागी होता. त्यांनी टेबलावर एकदाच ठोकलं. हॉल गप्प झाला.

मॅडमनी त्यांची फाइल उघडली, बोट खाली खाली नेलं आणि थांबल्या. "काका, हे ए, टी काय आहे?"

"आत."

"आत काय?"

"आत म्हणजे आत. अमुक थांबा यादीच्या आत आहे का? असला तर 'आहे' म्हणायचं, नसला तर 'नाही'."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. "काका, ते 'अ‍ॅट' आहे. इंग्रजी. भाषेच्या नव्या आवृत्तीत त्यांचा स्वतःचा शब्द आलाय. यादीतलं अमुक जागेवरचं दे. आणि वजा एक म्हटलं की शेवटचं दे."

'ध'चा 'मा' होतो म्हणतात, इथं तर अक्षरही बदललं नव्हतं. बोर्ड बिचारा विचारत होता की शेवटचा थांबा कोणता. मध्ये काकांचा 'आत' उभा होता. त्याला ऐकू गेलं की वजा एक नावाचा थांबा यादीत आहे का. तो वीस वर्षांच्या इमानदारीनं सांगत होता, नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. ही फाइल काढावी लागेल. एक शब्द नाही, सबंध फाइल. आज 'आत' अडकला, उद्या 'जोड' अडकेल."

"आणि मी?"

"तुम्ही सरळ भाषेतच लिहा ना. सगळे लिहितात तसं."

"हो, लिहीन की," काका म्हणाले.

मंगळवारी त्यांनी लिहून पाहिलं. फाइल बाजूला ठेवली आणि एकच साखळी भाषेच्या मूळ शब्दांत लिहायला घेतली. एका ओळीला दुपार झाली. आतून बाहेर, बाहेरून आत, कंस मोजता मोजता ते पुन्हा पुन्हा पहिल्या शब्दावर येत आणि आपण काय करायला निघालो होतो तेच विसरत. शेजारची मुलगी, जी परवापरवा त्यांच्याकडून 'गाळ' शिकली होती, तिनं तेवढ्यात सहा ओळी सरळ भाषेत लिहून टाकल्या. काकांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ती दीड वर्षं आपण या टेबलाशी मुक्यासारखे बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी खुर्ची सरकवत राहणार, हे त्यांना त्या दुपारी लख्ख दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणजे कसं, दुसऱ्याच्या घरात राहायला जायचं, त्याच्या भिंतीला आपल्या खुंट्या ठोकायच्या, आणि घरमालकानं तिथंच कपाट आणून ठेवलं की म्हणायचं, माझी खुंटी का हलवली?"

"खुंटी सरळ होती माझी."

"सरळ होती हो. पण भिंत कुणाची?"

काका रागानं जेवले नाहीत. म्हणजे पहिल्यांदा वाढलेलं जेवले, दुसऱ्यांदा घेतलं नाही.

बुधवारी मॅडमनी त्यांना डेपोत पाठवलं. पत्र्याचे फलक कुठं कुठं लागले ते बघून यायचं होतं. येताना काका एकवीस नंबरमध्ये चढले. जुना ड्रायव्हर स्टिअरिंगवर होता. कंडक्टर एक तिशीतली बाई, आवाज खणखणीत. काका तिच्या आवाजाला मनातल्या मनात मार्क देत पुढच्या सीटवर बसले.

दोन थांब्यांनंतर गाडीनं खोकून मान टाकली. मागून डेपोची दुसरी रिकामी गाडी मागवली गेली. नवी कोरी, दारं वेगळी, दांडे वेगळे, घंटीची दोरी नाही, बटण. माणसं कुरकुरत त्या गाडीत गेली. कंडक्टरबाईंनी खांद्यावरची बॅग सावरली, पायरी चढल्या, एकदा इकडेतिकडे पाहून बटण कुठं आहे ते हेरलं, आणि म्हणाल्या, "आत चला, आत चला, तिकिटं राहिलीत त्यांनी बोला." बॅगेच्या पुढच्या कप्प्यात हात गेला, मागच्या कप्प्यात गेला, काम सुरू. जणू त्या याच गाडीत जन्मल्या होत्या.

काका पायरीवरच थांबले.

"अहो, दारात उभे राहू नका," बाई म्हणाल्या. "आत व्हा की!"

काका आत झाले नाहीत. ते उलट खाली उतरले. तेरा वर्षांत त्यांनी शेकडो गाड्या बदलल्या होत्या. लांब, आखूड, एक दाराच्या, दोन दारांच्या. एकाही गाडीला त्यांनी कधी खिसा शिवला नव्हता. खिसे होते ते बॅगेला, आणि बॅग होती त्यांच्या खांद्याला. गाडी कंपनीची, बॅग आपली. हे साधं शहाणपण गुडघ्यांसोबत कुठं गेलं होतं कुणास ठाऊक!

"चढतोयस का?" ड्रायव्हर ओरडला.

"तू जा. मला ऑफिसात जायचंय."

"अरे, मग ही ऑफिसावरूनच जाते!"

काका परत चढले.

त्या दुपारी आणि गुरुवारी सबंध दिवस त्यांच्या टेबलावरून एकही ठोका ऐकू आला नाही, एकेरी नाही की दुहेरी नाही. भाषेच्या यादीला शिकवलेले एकशे सतरा शब्द त्यांनी एकेक करून तिच्याकडून काढून घेतले. यादी जन्मली तशी कोरी झाली. मग त्यांनी स्वतःची एक नवी वस्तू घडवली. यादी तिच्यात ठेवायची आणि साखळी तिच्यावर चालवायची. तिला ते सगळे शब्द येत होते, 'गाळ', 'लाव', 'बघ', आणि हो, 'आत'सुद्धा. शेवटी 'काढ' म्हटलं की यादी कोरी करकरीत बाहेर. नाव द्यायला आधी 'बॅग' लिहायला हात गेला. पण बी, ए, जी ही अक्षरं उद्या भाषेलाच हवी झाली तर? आधीच हात पोळले होते. त्यांनी ती अक्षरं पुसली आणि लिहिलं, 'पिशवी'. पिशवीवर कुठली आवृत्ती हक्क सांगते, ते बघू म्हणाले.

जुन्या साखळ्या चारशे बारा होत्या. प्रत्येकीच्या आधी 'पिशवी' आणि शेवटी 'काढ', एवढाच फरक. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काका, मी अर्ध्या करू?" काका म्हणाले, "नको, या माझ्या प्रवाशांना मीच उतरवतो." मग दोनशेव्या साखळीला मान दुखायला लागली तेव्हा अर्ध्या तिला दिल्या.

शुक्रवारी सकाळी बोर्डाचा प्रोग्राम आणि नवी फाइल त्यांनी एकत्र चालवली. एकवीस, बंदर. त्यांनी टेबलावर ठोकायला हात उचलला, आणि तसाच खाली ठेवला. मीटिंग व्हायची होती.

मॅडम भरभर आल्या. काकांनी उभं राहून त्यांच्या हातात एक कागद दिला. "मीटिंगच्या आधी एवढं चालवून बघा. यादीला मी हात लावलेला नाही. यादी भाषेची, पिशवी माझी."

मॅडमनी कागद उभ्याउभ्या वाचला. "काका, जरा खुर्ची," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्यामागून बाकीचे आले, आज वरच्या मजल्यावरचे साहेब आणि बोर्डवाल्या कंपनीची माणसंही होती. काकांनी सोळा वेळा खुर्ची सरकवली. दार मिटलं.

काचेतून ऐकू काही येत नव्हतं, दिसत सगळं होतं. भिंतीवर काकांच्या ओळी मोठ्या होऊन पडल्या. कुणीतरी बोट दाखवलं. कुणीतरी हसलं. साहेबांनी काही विचारलं, मॅडम बोलायला लागल्या, थांबल्या, पुन्हा बोलायला लागल्या. बोर्डवाला मान हलवत होता, पण ती कौतुकाची की नकाराची, ते पाठीमागून कळेना. काकांनी समोरच्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि पुसली. पुन्हा तीच लिहिली.

दार उघडलं. काकांनी सवयीनं खुर्ची ओढून घेतली.

"खुर्ची राहू दे, काका," मॅडम म्हणाल्या. "मी कुठं जात नाहीये."

"चालत नाहीये का?"

"चालतंय. फाइल राहतेय. पण साहेब विचारतायत, बाकीच्या विभागांनाही असं करता येईल का, आणि मला सांगता येत नाहीये. म्हणजे येतंय, पण तुमच्यासारखं नाही. तुम्हीच सांगा." त्यांनी दार आणखी उघडून धरलं. "बाहेर कशाला थांबलात? आत या."

तेरा वर्षं काकांनी हा शब्द दुसऱ्यांना दिला होता. म्हाताऱ्यांना, शाळेच्या पोरांना, ओल्या छत्र्यांना, दारात लोंबकळणाऱ्यांना. वीस वर्षं संगणकाला दिला होता. या दारात त्यांना स्वतःला तो आजवर कुणी दिला नव्हता. आपल्याला हे इतकं हवं होतं याची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी चष्मा पुसला, आधी यू घालून, मग दोन ओ घालून, असा उगीच वेळ काढला, आणि उठले.

खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरलेल्या, चार जण दारातच भिंतीला टेकून उभे, आणि पलीकडचा सगळा कोपरा रिकामा. काकांनी तो पाहिला मात्र, विचार करायच्या आधी तोंडातून निघून गेलं.

"आत सरका, आत सरका! मागे एवढी जागा आहे, दारात कशाला गर्दी करता?"

साहेबांसकट सगळे मुकाट्यानं सरकले. सरकून झाल्यावर हसले. काका भिंतीवरच्या आपल्या ओळींसमोर जाऊन उभे राहिले. गुडघे दुखत होते. सुरुवात कुठून करावी ते एकदम सुचेना.

मॅडमनी टेबलावर दोनदा ठोकलं.